सोलापूरचं कोलेस्टेरॉल दहा वर्षांत किती हललं, हे मोजायचं कसं

अमेरिकेत प्रौढांच्या एकूण कोलेस्टेरॉलची सरासरी १९६०-६२ मध्ये २२२ होती, १९८८-९४ मध्ये २०६ आणि २००७-१० मध्ये १९६. (या लेखातले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. परदेशी अहवालात मिलिमोल असेल तर ३८.६७ ने गुणा.) ही जगातल्या सर्वांत नीट मोजलेल्या घसरणींपैकी एक, आणि तिचा वेग दशकाला पाच-सहा मिलिग्रॅम. आता दुसरा आकडा पाहा. एकूण कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळेचं मोजमाप खऱ्या किमतीपासून ३ टक्क्यांपर्यंत सरकलेलं चालतं. १८० वर ३ टक्के म्हणजे ५.४. दहा वर्षांत लोकांच्या रक्तात जो बदल होतो, तेवढीच चूक एका मान्यताप्राप्त यंत्रात नियमाला धरून बसलेली असू शकते.

सगळी अडचण इथेच आहे. सुटा रुग्ण तपासताना पाच मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले तर उपचार बदलत नाही. लोकसंख्येचा कल मोजताना तेच पाच मिलिग्रॅम म्हणजे अख्खं उत्तर असतं. म्हणून पाहणीच्या पहिल्या फेरीची आखणी करताना पाच आणि दहा वर्षांनंतरची फेरी डोळ्यांसमोर हवी. सोलापुरात असं काम हाती घेऊ पाहणारे वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी, महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि संस्थांमधले कार्यकर्ते यांच्यासाठी पुढची पद्धत आहे.

कोणता आकडा धरायचा

एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ही तिन्ही मोजा, पण मुख्य निर्देशांक म्हणून नॉन-एचडीएल धरा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की तो मिळतो. नॉन-एचडीएलसाठी उपाशी पोट सक्तीचं नाही, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) काढायच्या सूत्रातल्या गृहीतकांचा प्रश्न येत नाही आणि धमन्यांना त्रास देणारे सगळे कण त्यात मोजले जातात. १९८० ते २०१८ या काळातल्या २०० देशांच्या कलाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण कोलेस्टेरॉलची जागतिक सरासरी जवळपास जागच्या जागी दिसली, पण पोटात दोन उलटे प्रवाह होते: पश्चिमेतल्या श्रीमंत देशांत नॉन-एचडीएल उतरलं आणि पूर्व व आग्नेय आशियात चढलं. फक्त जागतिक सरासरी पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत (तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड) एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले लोक १३.९ टक्के होते, ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेले २९.५ टक्के, आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. भारतीयांच्या रक्तातला बिघाड मुख्यतः कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड्सचा आहे. एचडीएल घसरत असताना नॉन-एचडीएल चढत असेल, तर दोन्ही मिळून एकूण आकडा स्थिर दिसेल आणि अहवालात ‘बदल नाही’ असं छापून येईल.

याच पाहणीचे २०२३ चे निष्कर्ष ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांचे आहेत. त्यात एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले २४ टक्के आहेत. १३.९ वरून २४ असा बाण काढून ‘भारतात कोलेस्टेरॉल जवळपास दुप्पट’ असं सादरीकरण करू नका. पहिला आकडा चार प्रदेशांचा आहे आणि लिपिडची (रक्तातल्या चरबीची) तपासणी झालेले लोक सुमारे दोन हजार. दुसऱ्यात पंजाब, केरळ, गोवा सगळे आले आणि नमुने २००८ ते २०२० एवढ्या पसरलेल्या काळात घेतलेले आहेत. हे दोन वेगळ्या लोकसमूहांचे आकडे आहेत. कल म्हणायचा तर लोकसमूह तोच हवा.

कोणाचं रक्त घ्यायचं

आधी काय वापरायचं नाही ते. आरोग्य शिबिरांचे आकडे नकोत: शिबिराला ज्याला काळजी वाटते तो येतो, आणि पाच वर्षांनी त्याच चौकातल्या शिबिराला येणारा वर्ग वेगळा असतो. खासगी लॅबमधले ‘फुल बॉडी पॅकेज’चे आकडेही नकोत. पॅकेज स्वस्त झालं की निरोगी तरुणांचे नमुने वाढतात आणि सरासरी आपोआप उतरते. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या लोकांची घरोघर तपासणी होते, पण ती रक्तदाब, साखर आणि तीन कर्करोगांसाठी. कोलेस्टेरॉल त्यात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही नाही. म्हणजे जिल्ह्याचा कल हवा असेल तर नमुना स्वतःच काढावा लागतो.

वयोगट ३० ते ६९ ठेवा. पुरुष आणि स्त्रिया यांची गणितं वेगळी मांडा, कारण पाळी थांबल्यावर स्त्रियांचं कोलेस्टेरॉल चढतं आणि दोघांचे वयानुसारचे आलेख एकमेकांना छेदतात.

किती माणसं लागतील? प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचं माप) ४० धरा. दोन फेऱ्यांमधला ५ मिलिग्रॅमचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक फेरीत १,००४ माणसं लागतात (२ × ७.८४ × १,६०० ÷ २५). पण आपण माणसं सुटी उचलत नाही, वस्ती धरून उचलतो, आणि एका वस्तीतल्या लोकांचं खाणंपिणं सारखं असतं. त्यासाठी डिझाइन इफेक्ट (नमुना किती पट वाढवायचा तो गुणक) १.६ धरला की १,६०६ होतात. पाचातला एक जण नाही म्हणेल असं धरलं की २,००८. एवढे पुरुष आणि एवढ्याच स्त्रिया, कारण दोघांची गणितं वेगळी. म्हणजे ६७ वस्त्या आणि प्रत्येकीत ३० पुरुष, ३० स्त्रिया. एवढा खर्च झेपत नसेल तर १० मिलिग्रॅमचा फरक पकडायचं ठरवा. तेव्हा याच हिशेबाने ५०० च्या आसपास पुरुष आणि तितक्याच स्त्रिया पुरतात. त्या २५ वस्त्यांतून वीस-वीस घ्या. वस्त्या कमी करून प्रत्येक वस्तीतली माणसं वाढवण्याचा मोह आवरा. जीपचं डिझेल वाचतं, पण अचूकता जाते.

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३,१७,७५६ होती, त्यातली शहरात ९,५१,५५८. अकरा तालुके एकाच मुशीतले नाहीत. माळशिरस आणि पंढरपूरचा बागायती ऊसपट्टा, मंगळवेढ्याची ज्वारीची काळी रानं, कर्नाटकाच्या सीमेवरचा अक्कलकोट आणि शहरातला यंत्रमाग व विडी कामगारांचा पूर्वभाग यांचे थर वेगळे पाडा: शहराची पूर्व बाजू, उरलेलं शहर, नगरपालिकेची गावं, बागायती खेडी, कोरडवाहू खेडी. प्रत्येक थरातून लोकसंख्येच्या प्रमाणात वस्त्या निवडा आणि निवडीची पद्धत लेखी ठेवा.

थर पाडताना एक धोका सोलापुरात ठळक आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारी इथे रे नगरची कामगार वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या १५,००० घरांचं हस्तांतर झालं. शहरात भाड्याने राहणारी विडी कामगार, यंत्रमाग कामगार कुटुंबं तिकडे गेली. कागदोपत्री ती आता ‘ग्रामीण’. पहिल्या फेरीत शहर आणि दुसऱ्या फेरीत गाव अशी ही माणसं मोजली गेली, तर कोणाच्याही ताटात काही न बदलता शहराचा आणि खेड्यांचा दोन्ही आकडे बदलतील. उपाय हा की कुंभारीचा हा भाग पहिल्यापासून स्वतंत्र थर म्हणून ठेवायचा, आणि प्रत्येक माणसाला ‘पाच वर्षांपूर्वी कुठे राहत होता’ हा एक प्रश्न विचारायचा. २०२७ च्या जनगणनेनंतर हद्दी आणि याद्या बदलतील. तेव्हा जुन्या आणि नव्या हद्दीनुसार असे दोन्ही हिशेब एका फेरीपुरते तरी काढून ठेवा.

नकार देणाऱ्यांची नोंद भाग घेणाऱ्यांइतकीच काळजीने ठेवा: वय, लिंग, काम. यंत्रमागावर दिवसपाळी करणारा पुरुष सकाळी आठला घरी सापडत नाही. त्याच्या जागी शेजारचा निवृत्त माणूस बसवला की वस्तीचं सरासरी वय वाढतं आणि कोलेस्टेरॉलही. बदली माणूस घ्यायचाच नाही. तीन वेळा जायचं, त्यातली एक वेळ पाळी सुटण्याची.

कोणत्या महिन्यात

कोलेस्टेरॉल हिवाळ्यात थोडं चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं. पहिली फेरी मे महिन्यात आणि दुसरी जानेवारीत झाली तर ऋतूचा फरकच कल म्हणून छापला जाईल. शिवाय मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ च्या पुढे जातो. त्या उन्हात जीपमधून नमुने नेणं म्हणजे ते खराब करणं. आषाढीच्या आधीनंतर पंढरपूर, माळशिरस, मोहोळकडे कोणी घरी नसतं आणि आरोग्य यंत्रणा वारीत गुंतलेली असते. श्रावणात खाणं बदलतं. दिवाळीचा फराळ संपून दोन आठवडे झाल्यापासून ते संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सुरू होईपर्यंतचा काळ सर्वांत बरा. एवढ्या सहा-सात आठवड्यांत ६७ वस्त्या होतात, फक्त दोन पथकं लागतात. ऊसतोडीसाठी कुटुंबं बाहेर पडलेली असतात ही या काळाची उणीव आहे. ती दर फेरीला सारखीच राहील, म्हणून चालवून घ्या आणि अहवालात लिहा.

रमजान दर वर्षी साधारण ११ दिवसांनी अलीकडे येतो. पाच वर्षांत तो जवळपास दोन महिने सरकतो. पुढच्या दोन फेऱ्यांच्या तारखा आजच पंचांग आणि हिजरी कॅलेंडर समोर ठेवून तपासा. रोजे तुमच्या महिन्यांत येत असतील तर त्या वस्त्या रमजान सुरू होण्याआधी उरका.

रक्त घेण्याची सकाळ

आदल्या संध्याकाळी आशाताईंबरोबर घरी जाऊन चिठ्ठी द्या. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत ती छापलेली हवी. साखर पेठ, अशोक चौक भागात तेलुगू बोलणारी एक व्यक्ती पथकात असेल तर होकार लक्षणीय वाढतो. तोंडीही सांगा: “मावशी, रात्री नऊनंतर फक्त पाणी प्या. सकाळचा चहासुद्धा रक्त दिल्यावर.” चहाचं नाव घेतलंच पाहिजे, कारण दुधाच्या चहाला कोणी खाणं समजत नाही. एकादशी किंवा गुरुवार असेल तर साबुदाण्याची खिचडी, भगरही नको, हे वेगळं सांगा.

सकाळी ‘उपाशी आहात ना?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता?’ असं विचारून वेळ लिहा. दहा तास झाले नसतील तरी परत पाठवू नका. रक्त घ्या आणि तास नोंदवा. नॉन-एचडीएल वापरता येतं, ट्रायग्लिसराइड्स वेगळे काढता येतात. विड्या देऊन यायची घाई असलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हटलं की ती उद्या येत नाही, आणि तुमच्या नमुन्यातून विडी कामगारच गळतात.

माणूस दहा मिनिटं खुर्चीवर बसलेला असला पाहिजे. हा नियम किरकोळ वाटतो, पण उभ्या माणसाला आडवं केलं की रक्तातलं पाणी परत शिरांमध्ये येतं आणि वीस मिनिटांत कोलेस्टेरॉल सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसतं. पहिल्या फेरीत उपकेंद्राच्या कॉटवर झोपवून आणि दुसऱ्या फेरीत शाळेच्या बाकावर बसवून रक्त घेतलं, तर शंभर नियम पाळूनही कल खोटा निघेल. दंडाचा पट्टा एक मिनिटाच्या आत सोडा. पाच मिनिटं आवळून ठेवला तर आकडा ५ ते १५ टक्क्यांनी वाढतो. नस सापडत नसेल तर पट्टा सोडा, दुसरा हात बघा.

नळी एकाच प्रकारची: पिवळ्या टोपणाची जेलची, पाच मिलिलिटर. ती संपली म्हणून साखरेच्या किंवा हिमोग्लोबिनच्या नळीत भागवू नका. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या प्लाझ्मात कोलेस्टेरॉल सीरमपेक्षा (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर द्रवापेक्षा) साधारण ३ टक्क्यांनी कमी येतं. लेखाच्या सुरुवातीचे ५.४ मिलिग्रॅम इथेही निघून जाऊ शकतात.

नळी पाच वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करा, मग अर्धा तास सावलीत उभी ठेवा. गुठळी नीट होण्याआधी बर्फात घालायची नाही. दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून सीरम वेगळं करणं) झालं पाहिजे. करमाळा किंवा सांगोल्याच्या टोकाच्या गावातून सोलापूर गाठेपर्यंत दोन तास निघून जातात, म्हणून सेंट्रिफ्यूज तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा, आणि तिथे वीज नसेल तर काय हे आधी ठरवा. १० मिनिटं, १,५०० ते २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट). वेगळं झालेलं सीरम २ ते ८ अंशांच्या पेटीत, गोठवलेल्या जेलपॅकला थेट न टेकवता. लालसर झालेलं सीरम दिसलं तर नोंद करा. एकाच पथकाचे नमुने वारंवार लाल येत असतील तर दोष सुईत किंवा घाईने ओढण्यात आहे.

गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया वगळा, गर्भारपणात कोलेस्टेरॉल बरंच चढतं. गेल्या काही आठवड्यांत मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका आलेल्यांची खूण करा, त्यांचं उतरलेलं असतं.

बोटातून थेंब घेऊन पट्टीवर मोजणारी यंत्रं कलासाठी नकोत. पट्ट्यांचा लॉट बदलला की पातळी सरकते, आणि अनेक यंत्रं १०० च्या खालचा आकडा देतच नाहीत, ‘कमी’ एवढंच दाखवतात. मग सरासरी काढायची कशी?

प्रयोगशाळा

पैसा कुठे ओतायचा असा प्रश्न पडला तर इथे. सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर, त्याच कंपनीच्या अभिकर्मकांनी (तपासणीच्या रसायनांनी) झाले पाहिजेत. प्रयोगशाळा निवडताना तीन गोष्टी कागदावर मागा: आयएसओ १५१८९ या मानकाखालची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या बाह्य गुणवत्ता योजनेतले गेल्या बारा महिन्यांचे निकाल, आणि रोजच्या नियंत्रण नमुन्यांचे तक्ते. मर्यादा अशा: एकूण कोलेस्टेरॉलसाठी सरकणं ३ टक्क्यांच्या आत आणि विखुरणंही (तोच नमुना पुन्हा मोजल्यावर येणारा फरक) ३ टक्क्यांच्या आत; एचडीएलसाठी सरकणं ५ आणि विखुरणं ४; ट्रायग्लिसराइड्ससाठी दोन्ही ५.

पण मर्यादेत असणं पुरत नाही, हे एका हिशेबाने दिसतं. समजा सरासरी १८० आणि प्रमाण विचलन ४०. तर २०० च्या वर सुमारे ३१ टक्के लोक असतील. सरासरी १८५ झाली तर तेच ३५ टक्के होतात. यंत्र नियमाच्या आत राहून पाच मिलिग्रॅम वर सरकलं, तर दर शंभरात चार-पाच निरोगी माणसं तुमच्या अहवालात आजारी ठरतात, आणि वर्तमानपत्रात मथळा येतो.

उपाय म्हणजे स्वतःचा मापदंड गोठवून ठेवणे. पहिल्या फेरीआधी संमती दिलेल्या स्वयंसेवकांचं सीरम एकत्र करून तीन साठे तयार करा: साधारण १५०, २०० आणि २५० चे. प्रत्येकाच्या अर्धा-अर्धा मिलिलिटरच्या किमान ३०० कुप्या भरा आणि उणे ७० अंश किंवा त्याखाली ठेवा. रोजच्या प्रत्येक बॅचमध्ये यातल्या दोन कुप्या साध्या नमुन्यासारखाच क्रमांक लावून पाठवा, तंत्रज्ञाला कळू न देता. बाजारातले वाळवलेले नियंत्रण नमुने रोजच्या कामाला ठीक आहेत, पण त्यांचा स्वभाव ताज्या सीरमपेक्षा वेगळा असतो. अभिकर्मक बदलला की ते एक सांगतात आणि खरे नमुने दुसरंच. पाच वर्षांनी याच कुप्या पुन्हा चालवल्या की यंत्र किती सरकलं ते कळतं. शिवाय प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या सीरमच्या दोन कुप्या राखून ठेवा, वेगवेगळ्या इमारतींतल्या फ्रीझरमध्ये. कुपी एकदाच वितळवायची.

फ्रीझरला तापमान नोंदवणारं उपकरण, इन्व्हर्टर आणि जनरेटर तिन्ही हवीत, आणि रात्री वीज गेली तर फोन कोणाला जाणार त्याचं नाव दारावर चिकटवलेलं हवं. दहा वर्षांचा अभ्यास एका उन्हाळी रात्रीत वितळू शकतो.

यंत्र किंवा अभिकर्मक बदलणं अटळ असेल (निविदा बदलली की बदलतंच) तर जुनं यंत्र हलवण्याआधी ६० ते १०० नमुने दोन्हींवर चालवा, १२० पासून ३०० पर्यंत पसरलेले. त्यातून रूपांतराचं समीकरण मिळतं. जुनं यंत्र गेल्यावर ही संधी परत येत नाही. एचडीएलच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. पूर्वी अवक्षेपण करून (बाकीचे कण रसायनाने खाली बसवून) एचडीएल मोजत, आता थेट पद्धतीने मोजतात, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या थेट पद्धतींत आपसांतही फरक पडतो, विशेषतः ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेल्या रक्तात. आपल्याकडे असं रक्त भरपूर आहे.

एलडीएलचा तयार आकडा साठवून भागत नाही. एकूण, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स हे मूळ आकडे ठेवा. १९७२ चं फ्रीडवाल्ड सूत्र (एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग) ४०० च्या वर ट्रायग्लिसराइड्स असतील तर चालत नाही. २०२० मध्ये आलेलं सॅम्पसन सूत्र ८०० पर्यंत चालतं. मूळ आकडे हाताशी असतील तर सगळ्या फेऱ्यांचं एलडीएल एकाच सूत्राने नव्याने काढता येतं.

गोळ्या आणि तेल

गेल्या पिढीत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेणारे वाढले. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० ते २० मिलिग्रॅम रोज घेतलं की एलडीएल ३५ ते ४५ टक्क्यांनी उतरतं. म्हणून ‘कोलेस्टेरॉलची गोळी घेता का?’ एवढं विचारून थांबू नका, बऱ्याच जणांना ती बीपीचीच किंवा ‘हृदयाची’ गोळी वाटते. गोळ्यांची पाकिटं बाहेर आणायला सांगा आणि नाव, मात्रा उतरवून घ्या.

विश्लेषणात गोळी घेणाऱ्यांना काढून टाकणं ही नेहमीची चूक आहे. गोळी सुरू झालेली माणसं मुळात सर्वांत वरच्या टोकाची असतात. ती काढली की उरलेल्यांची सरासरी आपोआप उतरते आणि ‘आहार सुधारला’ असा खोटा निष्कर्ष निघतो. तीन आकडे शेजारी-शेजारी द्या: सगळ्यांची सरासरी, गोळी न घेणाऱ्यांची सरासरी, आणि गोळी घेणाऱ्यांचं प्रमाण. अमेरिकेतली घसरण गोळी न घेणाऱ्यांतही दिसली होती, म्हणून तिथे औषधापलीकडच्या कारणांबद्दल बोलता आलं.

आहाराची शंभर प्रश्नांची यादी कामाच्या घाईत कोणी नीट भरत नाही. त्यापेक्षा तेलाचा हिशेब घ्या. महिन्याला किती किलो, कोणतं, किती जण जेवतात. पाच माणसांना चार किलो म्हणजे माणशी दिवसाला २७ ग्रॅम. लहान मुलं, पाहुणे आणि विकण्यासाठीचा स्वयंपाक वेगळा धरा. तेलाचा प्रकार डोळ्यांनी पाहा: पिशवीवरचं नाव, घाण्याचं की सुटं. सुटं तेल म्हणजे नेमकं कोणतं हे घरच्यांना ठाऊक नसतं, दुकानदाराला विचारा. प्रकार महत्त्वाचा अशासाठी की पामतेलात संपृक्त स्निग्धाम्लं सुमारे निम्मी, शेंगदाणा तेलात पाचव्या भागाच्या आसपास, आणि करडईत दहाव्या भागाच्या जवळ. करडईवर सोलापुरातच संशोधन चालतं, पण घरात ती आता किती शिजते हे विचारल्याशिवाय कळणार नाही. ज्वारीची भाकरी आठवड्यातून किती वेळा, बाहेरचं तळलेलं किती वेळा, बेकरीचं किती वेळा, एवढे तीन प्रश्न जोडा. खाद्यतेलं आणि वनस्पती तुपासारख्या स्निग्ध पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर देशात जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के मर्यादा आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांची तुलना करताना हा बदल विसरू नका.

हिशेब आणि अर्थ

वयाचं प्रमाणीकरण न करता दोन फेऱ्यांची तुलना छापू नका. उदाहरणादाखल, ३० ते ४९ वयाची सरासरी १७६ आणि ५० ते ६९ ची १९६ अशी दोन्ही फेऱ्यांत तंतोतंत सारखी आहे असं धरा. पहिल्या फेरीत तरुण ७० टक्के आले, तर एकूण सरासरी १८२. दुसऱ्या फेरीत तरुण कामाला गेले आणि ५५ टक्केच सापडले, तर सरासरी १८५. कोणाच्याही रक्तात काही न बदलता तीन मिलिग्रॅमची ‘वाढ’. दहा-दहा वर्षांचे गट पाडा, एक प्रमाण लोकसंख्या ठरवा आणि सगळ्या फेऱ्यांना तीच लावा.

सरासरीबरोबर ५ वा, ५० वा आणि ९५ वा शतमान (ज्याच्या खाली तितके टक्के लोक येतात तो आकडा) द्या. अख्खा समाज सरकला तर तिन्ही सरकतात. फक्त उपचार वाढले असतील तर वरचं टोक खाली येतं आणि मधला आकडा जागेवर राहतो. ट्रायग्लिसराइड्सचं वितरण एका बाजूला लांबलेलं असतं, त्यांची भूमितीय सरासरी घ्या. एका माणसात ते दिवसागणिक वीस टक्क्यांनी हलतात, कोलेस्टेरॉल पाच-सहा टक्क्यांनीच. याच कारणाने एका फेरीत एकदा आणि दुसऱ्या फेरीत दोनदा मोजून सरासरी घेणं चालणार नाही: दोनदा मोजलं की टोकाचे आकडे मध्याकडे येतात आणि २४० च्या वरचे लोक कमी झाल्यासारखे दिसतात. फक्त जास्त आलेल्यांनाच पुन्हा तपासलं तर हाच परिणाम आणखी जोराने दिसतो.

दोन फेऱ्यांत जे दिसतं ते फरक; कल म्हणायला तीन फेऱ्या तरी लागतात. फिनलंडच्या नॉर्थ कारेलियात १९७२ मध्ये ३० ते ५९ वयाच्या पुरुषांची सरासरी ६.९ मिलिमोल होती, म्हणजे २६७. दर पाच वर्षांनी पाहणी चालू ठेवत २००७ पर्यंत ती ५.४ च्या आसपास, म्हणजे २०९ वर आली. मधल्या प्रत्येक थांब्याचा आकडा असल्यामुळे लोण्याऐवजी तेल, गाळलेली कॉफी आणि नंतरची औषधं यांचा वाटा वेगळा करून पाहता आला. फक्त सुरुवात आणि शेवट मोजला असता तर सगळं श्रेय गोळ्यांना गेलं असतं.

फेरी संपताच एक पेटी तयार करा: प्रश्नावलीची कोरी प्रत, वस्त्यांची यादी नकाशासह, नळीचा प्रकार, सुईचा आकार, यंत्राचं नाव, अभिकर्मकांचे लॉट, गोठवलेल्या कुप्यांचा नकाशा, प्रत्येक नियमाला केलेला अपवाद. पुढच्या फेरीला यातलं कोणीच नोकरीवर नसेल असं समजून लिहा.

आणि ज्यांनी रक्त दिलं त्यांना दहा दिवसांच्या आत अहवाल घरी पोचवा, त्यांच्या भाषेत, एका पानात. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर त्याच आठवड्यात सिव्हिलला किंवा त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा, स्वादुपिंडाला धोका असतो. एलडीएल १९० किंवा अधिक आलं तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलची शंका घ्या आणि त्या माणसाच्या भावंडांचं, मुलांचं रक्तही तपासायला सांगा, वय कितीही कमी असलं तरी.